तलाव १०० टक्के भरतो, तरी पाणी जानेवारीत का संपतं?

पारोळा तालुक्यातल्या एका पाणीवापर संस्थेच्या सचिवांचा प्रश्न आहे. त्यांचा लघुपाटबंधारे तलाव ३५ वर्षांचा. कागदावर उपयुक्त साठा १.९६ दलघमी (दशलक्ष घनमीटर), मृतसाठा (कालव्याच्या दाराखाली अडकून राहणारं पाणी) ०.२० दलघमी आणि पाणलोट (ज्या भागातलं पाणी तलावात येतं तो) २५ चौरस किलोमीटर. सांडवा वाहिला की तलाव १०० टक्के भरल्याची नोंद होते. पूर्वी रब्बीला पाच आवर्तनं (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) मिळायची, आता दोन झाली की जानेवारीत कालवा बंद होतो. तळात किती गाळ असेल, तो आपल्याला मोजता येईल का, काढला तर किती फरक पडेल, शेतात टाकावा का, आणि सरकार खान्देशाला पाणी देणारी हतनूर-गिरणा ही मोठी धरणंच एकदाची उपसून का टाकत नाही, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी त्या १०० टक्क्यांबद्दल. ही टक्केवारी पाणी मोजून काढलेली नसते. पट्टीवर पाण्याची पातळी वाचतात आणि तलाव बांधताना तयार झालेल्या क्षेत्र-साठा तक्त्यात त्या पातळीसमोर लिहिलेला आकडा घेतात. पाणी पूर्ण संचय पातळीला टेकलं की तक्ता १.९६ म्हणणारच, खाली पाणी असो की चिखल. तक्ता ३५ वर्षांपूर्वीच्या जमिनीचा आणि पातळी आजची, अशी ही जोडी आहे. ऑक्टोबरात पीकपाण्याचं नियोजन ह्याच आकड्यावर होतं, अर्ज ह्याच आकड्यावर मंजूर होतात आणि तूट निघते ती टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या वाट्याला. म्हणून यंत्रं आणण्याआधी तक्ता दुरुस्त करून घ्या, एवढं माझं पहिलं म्हणणं आहे. तक्ता बदलल्याने पाण्याचा एक थेंब वाढणार नाही, पण जे आहे ते खरं कळेल.

गाळाचा ढोबळ अंदाज घरबसल्या येतो. देशातल्या जुन्या धरणांच्या आरेखनात खोसला यांचा दर धरत असत: पाणलोटाच्या दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला सुमारे ३५७ घनमीटर गाळ. तुमच्या २५ चौ.किमी.ला हा दर लावला तर वर्षाला ८,९०० घनमीटर, म्हणजे ३५ वर्षांत तीन लाख बारा हजारांच्या आसपास. नंतरच्या मोजण्यांत बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष दर याहून जास्त निघाला आहे, तेव्हा हा आकडा खालची मर्यादा समजा.

आता प्रत्यक्ष मोजणी. त्यासाठी उपविभागातून मूळ क्षेत्र-साठा तक्ता मिळवा. मागितला तर मिळतो, नाही मिळाला तर माहितीच्या अधिकारात मागा. ऑक्टोबर ते मे दर दहा दिवसांनी पट्टीवरची पातळी लिहून ठेवा. त्याच तारखांच्या आसपासची सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. त्यांचा एक ठिपका १० मीटरचा असतो, आणि पावसाळा सरला की आपल्याकडे आभाळ मोकळं असल्याने चित्रांची कमतरता पडत नाही. प्रत्येक पातळीला पाण्याखाली किती हेक्टर आहेत ते मोजायचं आणि दोन पातळ्यांमधलं घनफळ या सूत्राने काढायचं: उंचीचा एक तृतीयांश गुणिले (वरचं क्षेत्र + खालचं क्षेत्र + दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ).

आकडे घालून बघू. समजा पूर्ण संचय पातळी २१२ मीटर आणि विमोचकाची (कालव्यात पाणी सोडणाऱ्या दाराची) उंबरठा पातळी २०८ मीटर आहे. मूळ तक्त्यात २१२, २१० आणि २०८ मीटरला क्षेत्र अनुक्रमे ६५, ५१ आणि ३० हेक्टर आहे. सूत्राने वरच्या दोन मीटरचे १.१६ आणि खालच्या दोन मीटरचे ०.८० दलघमी येतात, बेरीज १.९६. आजच्या चित्रांत हीच क्षेत्रं ५८, ४१ आणि २४ हेक्टर निघाली, तर साठा ०.९९ आणि ०.६४, मिळून १.६३ दलघमीच्या जवळ. म्हणजे ०.३३ दलघमी, १७ टक्के उपयुक्त साठा गेला.

ह्या पद्धतीत दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे तलावाचं वरचं टोक, जिथे नाला येऊन मिळतो. तिथे बेशरम आणि पाणकणीस माजलेलं असतं. त्याखालचं पाणी चित्रात दिसत नाही, उलट नुकताच उघडा पडलेला ओला काळा गाळ पाण्यासारखा दिसतो. त्या भागाची कड पायी फिरून, मोबाईलवर ठिपके घेत आखावी. तिथली डबकी मूळ पाण्यापासून तुटली असतील तर ती क्षेत्रात धरू नयेत, कारण त्यांचं पाणी विमोचकापर्यंत पोचतच नाही. दुसरं म्हणजे उंबरठ्याखालचा मृतसाठा उघडा पडत नाही, त्यामुळे तो चित्रांतून मोजता येत नाही. त्यासाठी मे महिन्यात उरलेल्या डोहात होडी घाला, दर १५-२० मीटरवर वजन बांधलेल्या दोरीने खोली घ्या आणि १२ मिमीची सळई हाताने दाबून बघा. गाळात ती मुकाट्याने जाते, मूळ जमिनीला किंवा मुरमाला लागली की करकरते आणि अडते. दोन मोजमापांतला फरक म्हणजे गाळाची जाडी. कोरड्या भागात मीटरभर लांब-रुंद चाचणी खड्डा घ्या. गाळ पापुद्र्या-पापुद्र्याने बसलेला असतो, एकेका पुराचा थर वेगळा दिसतो. खाली पिवळसर मुरूम किंवा मुळ्यांचे अवशेष असलेली जुनी शेतजमीन लागली की थांबायचं. तलावाला दहा-बारा खड्डे पुरतात, ते सगळे भरावाजवळ (धरणाच्या मातीच्या बांधाजवळ) मात्र घेऊ नका.

मोठ्या धरणात हेच काम होडीवर डीजीपीएस (नेमकी जागा सांगणारं उपग्रह-यंत्र) आणि ध्वनिलहरींचं खोलीमापक लावून करतात. त्यात दोन वारंवारता वापरतात. २०० किलोहर्ट्झच्या आसपासची लहर मऊ चिखलाच्या पृष्ठावरून परतते आणि ३० च्या आसपासची खाली घट्ट थरापर्यंत जाते. सकाळी काम सुरू करताना ठरलेल्या खोलीवर पत्रा सोडून यंत्र तपासलं नसेल तर त्या दिवसाच्या आकड्यांवर विसंबू नये. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, उपग्रह चित्रांवरून राज्यातल्या जलाशयांचा गाळ मोजते. लहान तलाव तिच्या यादीत येण्याची वाट बघू नका, ते काम संस्थेनेच करावं.

तुमच्या मृतसाठ्यातले ०.१६ दलघमी बुजले असं धरलं तर एकूण गाळ ०.४९ दलघमी होतो. पाणलोटाच्या चौरस किलोमीटरमागे वर्षाला ५६० घनमीटर, खोसला दराच्या दीडपटीहून थोडा जास्त. अशा पाणलोटात हा आकडा अजिबात नवलाचा नाही.

इथे एक समज काढून टाकायला हवा. मृतसाठा गाळासाठी राखलेला असतो, तो भरेपर्यंत उपयुक्त साठ्याला धक्का लागत नाही, असं पुष्कळ जण धरून चालतात. गाळाला आपली नियोजनपुस्तिका ठाऊक नसते. नाल्याचं पाणी तलावाच्या साचलेल्या पाण्याला जिथे भेटतं तिथेच त्याचा वेग मोडतो आणि वाळू-रेती टाकली जाते. हा भाग पूर्ण संचय पातळीच्या लगतचा, म्हणजे पूर्णपणे उपयुक्त साठ्यातला. बारीक पोयटा मधल्या पट्ट्यात बसतो आणि सगळ्यात बारीक चिकण माती भरावापर्यंत जाऊन विमोचकाच्या तोंडाशी निवळते. तुमच्या उदाहरणातही गेलेल्या साठ्याचा मोठा वाटा उंबरठ्याच्या वरचाच आहे.

खान्देशात तापीच्या दोन बाजूंना दोन तऱ्हेचा गाळ सापडतो. उत्तरेला सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, सुकी, मोर ह्या नद्या उभ्या उताराच्या. त्या गोटे आणि वाळू आणतात, त्यामुळे तिकडच्या प्रकल्पांच्या शेपटीला, म्हणजे नदी आत शिरते त्या टोकाला, भरड थर जास्त. दक्षिणेकडून येणाऱ्या गिरणा, बोरी, पांझरा, वाघूर काळ्या मातीच्या मुलखातून येतात, त्यांचा गाळ बारीक आणि चिकट. पूर्वेकडून पूर्णा येते ती विदर्भातली काळी माती घेऊन, आणि चांगदेवला तापीला मिळून थेट हतनूरच्या पोटात शिरते. गाळ कुठला आहे यावर तो कसा काढायचा आणि कुठे टाकायचा हे ठरतं. यावल-रावेरकडे जे चाललं ते पारोळ्यात चालेलच असं नाही.

आता जरा अप्रिय गोष्ट. १७ टक्के साठा गेला म्हणून पाच आवर्तनांची दोन होत नाहीत. हिशेब करा. २५० हेक्टर भिजवायला, कालव्यातली गळती धरून, हेक्टरी १,३०० घनमीटर लागले तर एक आवर्तन सव्वातीन लाख घनमीटरचं होतं. ऑक्टोबर ते जानेवारी ५० हेक्टर पाण्यावरून दिवसाला ५ मिमी बाष्पीभवन धरलं तर चार महिन्यांत तीन लाख घनमीटर उडून जातात. १.९६ मधून ते वजा केले तर १६.६ लाख उरतात, पाच आवर्तनं बसतात. १.६३ मधून वजा केले तर १३.३ लाख, चार आवर्तनं. गाळाने तुमचं एक आवर्तन खाल्लं. उरलेली दोन कुठे गेली ते वेगळं शोधावं लागेल.

शोधायची जागा बहुधा काठावरच असते. पाच अश्वशक्तीची मोटर १५ मीटर उचलीला सेकंदाला दहा-बारा लिटर पाणी देते. आठ तास वीज धरली तर दिवसाला सव्वातीनशे घनमीटर. अशा ३० मोटरी महिनाभर चालल्या की तीन लाख घनमीटर, म्हणजे जवळजवळ एक आवर्तन कालव्यात न उतरताच संपलं. मंजुरी किती मोटरींना आहे आणि काठावर पाइप किती आहेत, हे एकदा फिरून मोजा. ह्याबद्दल गावात वाईटपणा येतो हे खरं आहे, पण त्यावर पांघरूण घालून सगळा दोष गाळावर ढकलला तर लाखो रुपये खर्चूनही पाणी पुरणार नाही. विमोचकाचं झाकण झिजून सेकंदाला दहा लिटर गळत असेल तर चार महिन्यांत लाख घनमीटर जातात. हे ओळखायची सोपी खूण आहे. कालवा बंद असताना आठवडाभर रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टी वाचा. डिसेंबरात पातळी दिवसाला ४-५ मिमी उतरली तर ते ऊन-वाऱ्याचं काम. १२-१५ मिमी उतरत असेल तर पाणी उपशात किंवा गळतीत जात आहे.

गाळ काढायचा ठरला, तर कुठला काढायचा हा खरा प्रश्न. लोकांचा ओढा भरावाजवळच्या खोल डोहाकडे असतो. तिथे खड्डा खोल दिसतो, फोटो चांगला येतो. पण उंबरठ्याखाली खोदलेल्या खड्ड्यातलं पाणी कालव्यात कधीच येत नाही. गुरांना, माशांना, पिण्याच्या योजनेच्या पंपाला त्याचा उपयोग होईल, सिंचनाला शून्य. शिवाय आतल्या बाजूला भरावाच्या पायथ्याशी साचलेला चिकण गाळ गळती रोखणारं आस्तर म्हणून काम करत असतो. तो खरवडला आणि खालचा मुरूम फोडला की पाणी भरावाच्या पायातून वाट काढतं आणि पलीकडच्या पायथ्याशी पाझरू लागतं. पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ येऊ लागला तर भरावाची माती आतून वाहते आहे आणि त्याच दिवशी शाखा अभियंत्याला बोलवायचं. खोदाईची हद्द अभियंत्याकडून खुंट्या मारून घ्या. पंधरा मीटर उंच मातीच्या भरावापासून १०० मीटरच्या आत बकेट लागू नये, असं माझं मत आहे.

सिंचनाच्या दृष्टीने कसदार जागा म्हणजे २१० ते २१२ मीटरचा पट्टा आणि शेपूट. तिथला प्रत्येक घनमीटर उपयुक्त साठ्यात मोडतो. तो भाग पाण्याबाहेर येतो लवकर, त्यामुळे फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत शंभर-एक दिवस हाताशी मिळतात. डोहात जेमतेम साठ मिळतात. वीस टनी पोकलेन तासाला ८० ते १०० घनमीटर, दिवसाला साधारण ९०० घनमीटर काढते. वरच्या पट्ट्यातले पावणेदोन लाख घनमीटर दोन पोकलेन एका हंगामात काढू शकतात. सगळे ३.३ लाख साठ दिवसांत उपसायचे तर सहा यंत्रं लागतील आणि हायवाच्या (मोठ्या डंपरच्या) ४१ हजार खेपा. खेपेला मी ८ घनमीटर धरले आहेत, कारण बसलेला गाळ उकरला की चार-पाच भागांमागे एक भाग फुगतो. हायवात १० दिसतात ते जमिनीतले ८ असतात. बिलं ट्रॉली मोजून काढायची की खड्डा मोजून, हा वाद इथूनच उठतो. खड्डा मोजा. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर दहा मीटरच्या चौकटीत पातळ्या घेतल्या तर वाद उरत नाही.

काळा गाळ वरून भेगाळलेला, टणक दिसतो, पण दीड-दोन फुटांखाली लगदा असतो. घाई करून पोकलेन घातली की चेन बुडते आणि तिला काढायला दुसरी आणावी लागते. त्यासाठी खोदाईच्या दोन-तीन आठवडे आधी डोहाच्या दिशेने मीटर-सव्वामीटर खोल चर मारून ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. हायवासाठी मुरमाची एकच पक्की वाट करा. यंत्रं सगळीकडून फिरू दिली तर सुकलेला थर पुन्हा घुसळला जातो. खड्ड्यांच्या कडा उभ्या ठेवू नका, एकास तीन उतार द्या. पावसाळ्यात भरलेल्या तलावात उभ्या कडेचा खड्डा दिसत नाही आणि माणसं, गुरं बुडतात. पाझर तलावाचं गणित वेगळं आहे. तिथे साठवण वाढवण्यापेक्षा तळ मोकळा करणं महत्त्वाचं असतं. तळावरचा चिकण थर काही सेंटिमीटरचा असला तरी पाणी मुरणं मंदावतं आणि खालच्या विहिरी उतरतात. वरचा फूट-दीड फूट सर्वत्र सारखा काढला तरी विहिरींना फरक पडतो, तिथे खोल खड्ड्याची गरज नसते.

सांडव्यावर गोण्या किंवा फळ्या लावून पातळी वाढवायचं कुणी सुचवलं, तर ते ऐकू नका. गाळाने गेलेलं पाणी अशाने परत मिळेल असं वाटतं, पण मातीच्या भरावाची वरची मोकळी उंची मोठ्या पुरासाठी राखलेली असते. एका रात्रीत १५० मिमी पाऊस झाला आणि पाणी भरावावरून गेलं तर काही तासांत धरण फुटतं.

शेताबद्दल आता. ४०० घनमीटर एका एकरावर पसरले की दहा सेंटिमीटरचा थर होतो. उथळ, मुरमाड, पांढरट जमिनीला तो जास्तीत जास्त. बहुतेक हलक्या जमिनींना २०० ते ३०० घनमीटर पुरतात. मे महिन्यात पसरून, उन्हात ढेकळं फुटू देऊन, मग नांगराने वीतभर खोल मिसळायचा. नुसता वर पसरलेला गाळ पहिल्या पावसात घट्ट पापुद्रा धरतो आणि बी वर येत नाही. जमीन मुळात काळी भारी असेल, किंवा केळीचं शेत आधीच निचऱ्याला कमी असेल, तर तिथे चिकण गाळ टाकणं म्हणजे मुळं कुजवण्याची तयारी. चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीत तर मुळीच नको.

टाकण्याआधी दोन परीक्षा करा. घरची अशी: काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा गाळ, वर पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून जोरात हलवा. मिनिटाभरात बसते ती वाळू, दोन तासांत बसतो तो पोयटा, दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते ती चिकण. निम्म्याहून जास्त चिकण असेल तर फक्त मुरमाड जमिनीला वापरा. दुसरी प्रयोगशाळेची: सामू, क्षारता, मुक्त चुनखडी आणि सोडियमचं प्रमाण. सामू ८.५ च्या वर किंवा क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर थांबा. पूर्णेच्या बाजूच्या गाळात सोडियमकडे विशेष लक्ष द्या, कारण तिच्या खोऱ्याचा पट्टा मुळातच खारपाण आहे. गाळाने जमिनीची ओल धरायची ताकद वाढते, पालाश आणि सूक्ष्मद्रव्यं थोडी मिळतात, नत्र फारसं नाही. तो शेणखताची जागा घेत नाही.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा राबवायला घेतली. त्यात अत्यल्प व अल्पभूधारकांना एकरी १५ हजारांपर्यंत आणि अडीच एकरांच्या मर्यादेत ३७,५०० रुपयांपर्यंत वाहतुकीचं अनुदान धरलं आहे. वाळू उपशाला त्यात बंदी आहे. दर आणि अटी बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक जलसंधारण कार्यालयात बघून मगच ट्रॅक्टरवाल्याशी बोला. वाहतूक तीन-चार किलोमीटरच्या पुढे गेली की हिशेब जमत नाही. आणि ३.३ लाख घनमीटर गाळ २५० घनमीटरच्या हिशेबाने १,३०० एकरांहून जास्त जमीन मागतो, तेवढी हलकी जमीन तुमच्या शिवारात आहे का हे आधी मोजा. गाळ काढायची सोय असून टाकायला जागा नाही, अशाने काठावर ढीग लागतात आणि पहिल्या पावसात ते परत आत येतात.

हतनूर-गिरणा का उपसत नाहीत, ते ह्याच आकड्यांत आहे. एका दलघमीला हायवाच्या सव्वा लाख खेपा. मूळ आरेखनात हतनूरचा एकूण साठा ३८८ दलघमी, गिरण्याचा सुमारे ६०९. यातल्या शंभर दलघमीला सव्वा कोटी खेपा लागतील. पाण्यात चालणारं गाळउपसा यंत्र गाळ पाण्यात कालवून ओढतं, त्यात घन भाग दहा ते वीस टक्के असतो; म्हणजे एक भाग गाळासाठी चार ते नऊ भाग पाणी बाहेर जातं. आपल्या भागात ते कोण देणार? वाळू विकून खर्च भागवू, हा विचार शेपटीच्या भरड थरापुरता ठीक आहे. बाकीच्या काळ्या चिखलाला गिऱ्हाईक नाही.

मोठ्या धरणात गाळ बसूच न देणं हा मार्ग उरतो, आणि तो सगळीकडे चालत नाही. ब्रून यांच्या १९५३ च्या आलेखानुसार साठवण वर्षाच्या येव्याएवढी, म्हणजे वर्षभरात आत येणाऱ्या पाण्याएवढी, असेल तर आलेल्या गाळातला ९५ टक्क्यांहून जास्त अडकतो. दहावा हिस्सा असेल तर ८५ च्या आसपास. शंभरावा असेल तर निम्म्याच्या जवळपास. गिरणा येव्याच्या मानाने मोठं आणि पूर्ण भरणं दुर्मीळ, म्हणून तिथे आलेला गाळ आत राहतोच. पण त्याच्या वर चणकापूर, हरणबारी, केळझर अशी धरणं आहेत, ती थोडा गाळ आधी अडवतात. हतनूरचं उलट. पाणलोट सुमारे २९ हजार चौरस किलोमीटरचा आणि साठवण त्या मानाने लहान. सांडव्यावर ४१ वक्राकार दरवाजे आहेत, त्यामुळे पूर येताना दरवाजे उघडे ठेवून गढूळ पाणी पुढे काढून देता येतं. जून-जुलैचे पहिले पूर सर्वांत जास्त गाळ आणतात, कारण तेव्हा कपाशीची रानं उघडी असतात. ऑगस्टअखेर तेवढ्याच विसर्गात गाळ बराच कमी असतो. पहिलं पाणी जाऊ द्यायचं आणि शेवटी भरायचं, हे तत्त्व सोपं आहे. धास्ती परतीचा पाऊस दगा देण्याची. भुसावळ, वरणगाव, दीपनगरचं वीज केंद्र एवढे त्या पाण्यावर अवलंबून असताना सप्टेंबरची वाट बघायला कुणाचीही छाती धडधडेल. इथे येव्याचा अंदाज जितका नेमका, तितकी दरवाजे उघडे ठेवण्याची हिंमत.

ह्याच तत्त्वावर तापीवरचे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा बॅरेज पावसाळ्यात दरवाजे उचलून ठेवतात. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्यांचंही तेच. मेअखेर फळ्या काढल्या नाहीत तर पहिल्याच पुराचा गाळ फळ्यांच्या उंचीपर्यंत बसतो, आणि दोन पावसाळ्यांत बंधाऱ्याची नुसती भिंत उरते. फळ्या घालायच्या पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर, पाणी निवळलं की. फळ्यांच्या दोन ओळींच्या मध्ये चिकण माती ठासून भरावी. गावातल्या सगळ्यांत स्वस्त गाळनियंत्रणाचं काम हेच आहे आणि सगळ्यांत जास्त चुकतंही तेच, कारण फळ्या ठेवायला खोली नसते, चोरी होते, आणि मेमध्ये त्या काढायची जबाबदारी कुणाच्याच नावावर नसते.

पाणलोटातलं काम वरून खाली करावं लागतं. एक हेक्टर जमिनीवरचा एक मिलिमीटर थर वाहून गेला तरी दहा घनमीटर माती गेली, आणि एवढी झीज डोळ्यांना दिसत नाही. कपाशी उताराला आडवी लावा, दोन ओळींत उडीद किंवा मूग घ्या म्हणजे पहिले पन्नास दिवस जमीन झाकलेली राहील, आणि पाच-सहा ओळींमागे एक सरी मोकळी सोडा. नाल्यातल्या माती अडवणाऱ्या छोट्या बंधाऱ्यांचा फायदा ते रिकामे असेपर्यंतच. तीन-चार वर्षांत भरले की गाळ वरून सरळ तलावात जातो, म्हणून ते बांधतानाच दरवर्षीच्या सफाईचा खर्च धरून ठेवा. तलावाच्या उघड्या पडलेल्या तळात गाळपेर होते, टरबूज-डांगर निघतं, त्याला हरकत नाही. पण नांगरट उताराला आडवी हवी आणि मेअखेर ढेकळं मोकळी पडलेली नकोत, नाहीतर वरच्या कडेची माती पहिल्या पावसात उंबरठ्याकडे सरकते.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन. ह्या ऑक्टोबरपासून पट्टीच्या नोंदी आणि चित्रं, डिसेंबरात कालवा बंद असतानाची आठवडाभराची उतार-नोंद आणि मोटरींची मोजदाद, मार्चमध्ये चाचणी खड्डे आणि गाळाचे नमुने. एप्रिलमध्ये नवा तक्ता जोडून उपविभागाकडे फेरसर्वेक्षणाची लेखी मागणी द्या. तक्ता मंजूर करणं त्यांच्या हातात आहे, पण जुन्या आकड्यावर बोट ठेवलेला कागद त्यांच्याकडे असायला हवा. तोवर पुढच्या हंगामाचं पीकनियोजन संस्थेने स्वतःच मोजून निघालेल्या साठ्यावर (आपल्या उदाहरणात १.६३) करावं आणि टेलच्या सभासदांना पेरणीआधीच त्यात बसणाऱ्या आवर्तनांचा (उदाहरणात चार) हिशेब सांगावा. विमोचकाचं झाकण गळत असेल तर त्याची दुरुस्ती ह्याच उन्हाळ्यात उरकून घ्या. ती पोकलेनच्या दोन दिवसांच्या भाड्याहून फार महाग पडू नये.